तिरपा उजेड

अमळनेरला तेव्हा डिमर म्हणजे
लोणच्याच्या दोन चिनीमातीच्या बरण्या,
आत पाणी, पाण्यात मीठ,
आणि दोरीला टांगलेली जस्ताची पट्टी.
पट्टी खाली सोडली की सकाळ,
वर ओढली की दिवेलागण.
मीठ मोजायचं काम माझं.
एक चिमूट जास्त पडली
तर नाटकातली संध्याकाळ भसकन उजाडायची
आणि विंगेतून रऊफ मिस्तरी
नुसते बघायचे माझ्याकडे.

दिवसा ते विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरत.
रात्री त्यांच्याकडे सात दिवे,
डालड्याच्या सात डब्यांत बसवलेले.
आठव्या डब्यात दिवाच नव्हता.
त्याचं पत्र्याचं झाकण तेवढं
खिळ्यानं भोकं पाडून ठेवलेलं.
बाकी सामान शेताशिवारातलं:
पऱ्हाटीच्या काड्या, ज्वारीची चाळणी,
सुंभ तुटलेली बाज,
वाऱ्यानं आधीच चिरून ठेवलेलं
केळीचं वाळकं पान.
दिव्यापुढे बाज उभी केली की तुरुंग.
तीच जरा कलती धरून हळू हलवली
की विहिरीच्या भिंतीवर
पाण्याचा उजेड.

एकदा त्यांनी मला बोरीच्या पात्रात नेलं,
चैत्रात, भर बाराला.
“काय दिसतं?”
“वाळू.”
“चल घरी.”
मग सूर्य कलल्यावर पुन्हा तिथेच.
बकऱ्यांचे खूर, टिटवीच्या चालीची शिवण,
वाऱ्यानं ओढलेल्या चुण्या,
कुणी पोर बसून उठलं होतं त्याचा खळगा.
बाराला हे सगळं होतंच की तिथे.
“डोक्यावरून बघ, सपाट.
समोरून बघ, सपाट.
अंधारबी लागस, भो.”
मी मुलगी. तरी मला भोच म्हणायचे.

द्वारकाबाई शिंपींच्या गालांवर देवीचे वण.
वीस वर्षं त्या एकच मागणं मागत:
समोरचे दोन्ही दिवे पूर्ण ठेवा, मिस्तरी.
पावडरचा थर, वर उजेडाचा थर,
आणि चेहरा चुन्यानं सारवल्यासारखा.
भूमिका आईची असो की राणीची, तोच चेहरा.

जळगावची स्पर्धा. तिसरा अंक.
द्वारकाबाई ज्वारी चाळत बसलेल्या,
बोलायचं काही नाही, फक्त चाळायचं.
आणि समोरचे दोन्ही दिवे गेले.
गेले की घालवले, मला अजून ठाऊक नाही.
माझ्या मुठीत मीठ होतं,
त्यांच्या मुठीत पक्कड.
उरला डावीकडचा एक,
गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवलेला,
आणि तो सरपटत तिच्या गालावर चढला.
प्रत्येक वणाला आपली सावली मिळाली.
तो चेहरा मी कधीच पाहिला नव्हता.
संध्याकाळचं पात्र होतं ते,
कोण कोण चालून गेलं होतं त्यावरून.

नटाला उजेड दिसत नाही, लागतो.
एकच गाल तापला, तिला कळलंच असणार.
चाळणी थांबली.
मान उजवीकडे वळवली असती
तर सगळं अंधारात झाकलं असतं.
तिनं वळवली नाही.
पुन्हा चाळणी फिरू लागली
आणि मागच्या पडद्यावर
तिची सावली धान्य पाखडत राहिली,
तिच्यापेक्षा केवढी तरी मोठी.

परीक्षकांनी लिहिलं:
प्रकाशयोजना अपुरी. चेहरे अस्पष्ट.

परतीच्या टेम्पोत बांबू, पडदे, डबे, आम्ही.
धरणगावपर्यंत कुणी बोललं नाही.
धरणगावला चहा झाला,
पैसे द्वारकाबाईंनी दिले.
मिस्तरींचेही.

महिन्यानं मी पोलकं शिवायला टाकायला गेले.
ट्यूबलाइटखालचा आरसा जागेवर नव्हता,
भिंतीवर त्याचा पांढरा चौकोन.
मी इकडेतिकडे बघते म्हणून
त्या म्हणाल्या,
“आरसा आते खिडकीना आंगे टांगेल शे,”
आणि टाचण्या ओठांत धरून
माझ्या खांद्याचं माप घेऊ लागल्या.